बीएमडब्ल्यू ३३० आय, मिशिगनचा हिवाळा आणि ऑल-सीझन टायर: एकाच संचात भागवायचं असेल तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनहून मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या नोवायला आलात. गाडी ३३० आय एक्सड्राइव्ह (बीएमडब्ल्यूची ऑल व्हील ड्राइव्ह), चाकं १९ इंची, पुढे २२५/४० आणि मागे २५५/३५ (पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये; दुसरा बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत), आणि त्यांवर समर म्हणजे उन्हाळी टायर. पत्नीच्या डेट्रॉइटच्या रुग्णालयात आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन ड्यूट्या असतात आणि त्या सकाळी सातला सुरू होतात. उरलेल्या दिवसांत तुम्ही ॲन आर्बरच्या ऑफिसला जाता. गाडी ही एकच. अपार्टमेंटमध्ये चार जादा टायर ठेवायला जागा नाही. म्हणून तुम्ही विचारलंय की ऑल व्हील ड्राइव्ह असताना चांगल्या ऑल-सीझन, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, टायरवर हिवाळा निघेल का, आणि निघत असेल तर कोणते घ्यावेत.

निघेल. पण स्पोर्ट्स सेडानसाठी म्हणून जे अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन सगळीकडे सुचवले जातात, ते मी तुम्हाला सुचवणार नाही. तुमच्यासाठी १८ इंची चाकं, चारही २२५/४५ आर १८, आणि त्यांवर तीन शिखरं व हिमकणाचं चिन्ह असलेले ऑल-सीझन, ज्यांना इथे ऑल-वेदर म्हणतात. कारण तुमच्याच प्रश्नात आहे: सकाळी सातची ड्यूटी. तुम्ही एकटेच गाडी चालवत असता तर माझं उत्तर वेगळं असतं. बर्फ पडला की तुम्ही घरून काम कराल, दुपारपर्यंत रस्ते साफ होतील, मग निघाल. रुग्णालयात ड्यूटी असलेल्या माणसाला ही मुभा नसते. टायर निवडताना वर्षाचा सरासरी दिवस धरू नये. जो वाईट दिवस टाळता येत नाही, तो धरावा. तुमच्या घरात तो दिवस म्हणजे जानेवारीतली पहाटे साडेपाचची वेळ, रात्रभर बर्फ पडलेला, आणि तुमच्या कॉलनीतल्या रस्त्यावर बर्फ सारणारी गाडी अजून आलेली नाही.

मी गाड्यांच्या हाताळणीवर काम करणारी इंजिनिअर आहे आणि हिवाळ्यातल्या टायर-चाचण्या हा माझ्या कामाचा भाग राहिला आहे. मिशिगनच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पात राको नावाची जागा आहे. तिथे पूर्वी लष्करी विमानतळ होता, आता टायर आणि गाड्यांच्या हिवाळी चाचण्या होतात. दाबलेल्या बर्फाच्या आणि गुळगुळीत हिमाच्या (गोठलेल्या पाण्याच्या काचेसारख्या थराच्या) पट्ट्यांवर एकच गाडी वेगवेगळ्या टायरवर दिवसभर चालवून पाहिली की एक गोष्ट पक्की कळते. हिवाळ्यात गाडीचा स्वभाव टायर ठरवतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि चालणारी चाकं किती, हे सगळं त्यानंतर येतं.

सगळ्यात आधी, सध्याच्या समर टायरबद्दल, कारण त्यात थांबायला वेळ नाही. रस्त्यावर बर्फ दिसेपर्यंत ते चालतील असं पुष्कळांना वाटतं. टेक्सासमध्ये वर्षभर तेच टायर चालवल्यामुळे तसं वाटणं साहजिकही आहे. पण प्रश्न बर्फाचा नसून तापमानाचा आहे. समर टायरचं रबर गरम डांबरावर पकड देण्यासाठी बनवलेलं असतं. साधारण ७ अंश सेल्सियसच्या, म्हणजे ४५ फॅरनहाइटच्या खाली ते कडक होऊ लागतं, थंडीत तूप थिजावं तसं. मग रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात ते शिरत नाही आणि कोरड्या रस्त्यावरही पकड कमी होते. आणखी खाली, कडाक्याच्या थंडीत, असे टायर चालवले किंवा नुसते वाकवले तरी रबराला तडे जाऊ शकतात. कंपन्या स्वतःच हा इशारा देतात, आणि असे तडे वॉरंटीत बसत नाहीत. डेट्रॉइट परिसरात जानेवारीतलं सरासरी कमाल तापमानच शून्याच्या आसपास असतं आणि रात्री ते उणे सातपर्यंत उतरतं. नोव्हेंबरात पहाटे गाडी काढायची असेल, तर ते टायर तोवर उतरलेले हवेत. ही गोष्ट टाळाटाळीची नाही.

आता एक्सड्राइव्ह. ही चांगली यंत्रणा आहे आणि बर्फातून निघताना तिचा खरा उपयोग होतो, यात वाद नाही. पण चारही चाकांना शक्ती मिळते ती गाडी पुढे ढकलण्यासाठी. थांबताना चारही चाकांना ब्रेक तर प्रत्येकच गाडीत असतो, आणि वळताना बाजूची पकड फक्त रबर देतं. धोका असा की निघताना गाडी इतकी सहज निघते की रस्ता किती निसरडा आहे हे हाताला कळतच नाही. ज्या गाडीत दोनच चाकांना शक्ती मिळते, तिची चाकं जागच्या जागी फिरून चालकाला सावध करतात. तुमची गाडी तो इशारा देत नाही. तो मिळतो थेट पहिल्या लाल दिव्याला.

आकडे मांडून दाखवते. गाडी ताशी ३० मैलांवर, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरवर आहे. कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला तर ब्रेक लागल्यापासून थांबायला साधारण साडेअकरा मीटर लागतात. दाबलेल्या बर्फावर टायर ०.३ देत असेल तर साडेतीस मीटर. तोच टायर झिजून ०.२५ वर आला तर जवळपास ३७. ०.२ वर आला तर ४६. चकचकीत हिमावर, जिथे गुणांक ०.१ पर्यंत येतो, ९२ मीटर. यात चालकाला प्रतिक्रिया द्यायला लागणारा वेळ धरलेलाच नाही. ०.३ आणि ०.२५ यांतला फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. रस्त्यावर तो सहा मीटरांचा आहे आणि तुमची गाडी पावणेपाच मीटर लांब आहे. पुढची गाडी थांबली असेल तर ठोकर बसणं किंवा न बसणं या सहा मीटरांवर ठरतं. आणि हे अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं: ३० ऐवजी ४० मैलांवर असाल तर प्रत्येक आकडा जवळपास पावणेदोन पट होतो.

म्हणून टायरच्या बाजूवर काय छापलंय ते वाचायला शिका. अमेरिकेत गुडइअरने १९७७ मध्ये टिएम्पो नावाचा टायर आणला आणि ऑल-सीझन हा प्रकार रूढ झाला. वर्षातून दोनदा टायर बदलण्याच्या कटकटीतून लोक सुटले. या टायरांवर एम प्लस एस असं छापलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. हे चिन्ह मिळतं ते नक्षीच्या भूमितीवर. खाचा किती रुंद, किती मोकळ्या, एवढंच त्यात पाहतात. टायर बर्फावर नेऊन तपासण्याची त्यासाठी गरज नसते. त्यामुळे एम प्लस एस छापलेले दोन टायर बर्फावर एकमेकांपासून फार वेगळे वागू शकतात आणि छापील चिन्हावरून तुम्हाला त्याचा पत्ता लागत नाही.

दुसरं चिन्ह तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, ते १९९९ मध्ये आलं. ते मिळवण्यासाठी टायरला दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते. एका प्रमाणित संदर्भ-टायरची पकड १०० धरून तुलना होते आणि सुरुवातीला उत्तीर्ण होण्याची मर्यादा ११० ठेवली होती. हे चिन्ह असेल तर बर्फावर किमान एक पातळी सिद्ध झालेली आहे असं समजायला हरकत नाही. पण त्याची मर्यादाही ओळखून असा. चाचणी वेग घेताना मिळणाऱ्या पकडीची असते. ब्रेक, वळण आणि कडक हिम हे त्यात येत नाहीत. त्यामुळे हे चिन्ह असलेला ऑल-वेदर आणि खरा विंटर टायर सारखेच, असं कोणी सांगितलं तर ते मान्य करू नका. विंटर टायरचं रबर आणखी खालच्या तापमानाला मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांवर बारीक चिरा खूप जास्त असतात. हिमावर थांबताना त्या चिरांच्या कडाच कामाला येतात.

आता नावं. तुमच्या गाडीच्या वर्गासाठी मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ आणि कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस ही दोन नावं तुम्हाला सगळीकडे ऐकू येतील. दोन्ही उत्तम टायर आहेत. कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर ३३० आयला जशी चाल शोभते तशीच ते देतात. स्टिअरिंग हलवलं की पुढचं टोक लगेच वळतं. त्यातही मिशेलिन कोरड्या-ओल्यात जास्त धारदार आणि कॉन्टिनेंटल बर्फाकडे थोडा जास्त झुकलेला, असं माझं मत आहे. दोघांवर चिन्ह मात्र एम प्लस एसचं आहे, डोंगर-हिमकणाचं नाही. सिनसिनाटीत किंवा न्यू जर्सीच्या दक्षिणेला राहणाऱ्या, बर्फाच्या दिवशी घरी बसू शकणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून यांतला एक सांगेन.

तुमच्यासाठी दोन पर्याय उरतात. एक मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २. इंग्रजी व्हीच्या आकाराची नक्षी, डोंगर-हिमकणाचं चिन्ह, आणि या गटात बर्फावर थांबण्याच्या बाबतीत माझा सर्वांत जास्त विश्वास याच्यावर आहे. त्याची किंमत मोजावी लागते ती स्टिअरिंगच्या धारेत. मोठे ठोकळे वळणावर किंचित दबतात, त्यामुळे उन्हाळ्यात वळणाच्या रस्त्यावर गाडी अर्धा क्षण उशिरा उत्तर देते आहे असं वाटेल. झिजल्यावर थोडा आवाजही करतो. दुसरा पर्याय व्रेडेस्टाइन क्वाट्रॅक प्रो प्लस. नाव डच आहे, पण २००९ पासून ही कंपनी आपल्या अपोलो टायर्सच्या मालकीची आहे. यावरही डोंगर-हिमकण आहे आणि त्याची घडण स्पोर्ट्स सेडानला जास्त मानवणारी आहे. क्रॉसक्लायमेटपेक्षा स्टिअरिंग चपळ लागतं, खोल बर्फात तो थोडा मागे पडतो.

दोघांपैकी एक निवडायचा तर मी तुमच्या घरासाठी क्रॉसक्लायमेट २ निवडेन. जास्त पहाटे तुमच्या पत्नी गाडी चालवणार आहेत आणि त्यांना वळणावरच्या चपळाईपेक्षा लाल दिव्यावर थांबणं महत्त्वाचं आहे. गाडीचा आनंद थोडा कमी होईल, हे मान्य करूनच सांगते.

पण नाव निवडून काम संपत नाही. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट नक्षीच्या खोलीची आहे आणि तिच्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. नवीन ऑल-सीझन टायरची नक्षी साधारण १०/३२ इंच, म्हणजे आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याची मर्यादा २/३२ इंच. या दोन आकड्यांमधे टायर 'चांगला' आहे असं लोक धरून चालतात. पावसाच्या आणि कोरड्या रस्त्यासाठी बराच काळ ते खरंही असतं. बर्फासाठी नाही. बर्फात टायर खाचांमध्ये बर्फ पकडतो, दाबतो आणि त्या दाबलेल्या बर्फाच्या आधाराने पुढे जातो किंवा थांबतो. खाच उथळ झाली की पकडायला जागाच उरत नाही. शिवाय वरच्या थरातल्या बारीक चिरा झिजत जातात आणि रबरही वर्षागणिक कडक होत जातं. म्हणून ६/३२ इंचाच्या खाली गेलेला ऑल-सीझन मी बर्फासाठी संपला असं मानते, मग त्यावर कोणतंही चिन्ह असो. कॉन्टिनेंटलने हे प्रामाणिकपणे टायरवरच दाखवलंय. डीडब्ल्यूएसच्या नक्षीत डी, डब्ल्यू आणि एस (कोरडा, ओला, बर्फ) ही अक्षरं कोरलेली असतात. बर्फाचं एस पुसलं गेलं की टायर बर्फाला योग्य राहिला नाही, आणि तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्यात बरंच आयुष्य शिल्लक असतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. वॉरंटीत ४५, ५० किंवा ६० हजार मैल लिहिलेले असतात, पण त्यातला हिवाळ्यासाठी उपयोगी भाग जेमतेम पहिला अर्धा. तुमचं वर्षाचं धावणं १५ हजार मैलांचं असेल तर पहिले दोन हिवाळे बिनघोर, तिसऱ्या हिवाळ्याआधी मोजमाप, आणि बहुधा नवा संच. अर्धे झिजलेले टायर काढायला जीवावर येतं, मला ठाऊक आहे. ते वसंतात काढू नका. उन्हाळाभर वापरून ऑक्टोबरात बदला, म्हणजे कमी पैसे वाया जातील. खोली मोजायचं साधन कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात काही डॉलरना मिळतं. प्रत्येक टायरवर तीन जागी मोजा: आत, मधे, बाहेर. मिशिगनमध्ये गाड्यांची वार्षिक तपासणी सक्तीची नाही, त्यामुळे तुम्ही मोजलं नाही तर कोणीही मोजणार नाही.

१८ इंची चाकांचा आग्रह का धरते, ते सांगते. सध्या पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या रुंदीचे आहेत, त्यामुळे पुढचे मागे आणि मागचे पुढे असे फिरवता येत नाहीत. मागचे आधी झिजणार, आणि अशा जोडीत मागच्या टायरची मैलांची वॉरंटीही काही कंपन्या निम्मी करतात. चारही एकसारखे असले की दर पाच-सात हजार मैलांना फिरवता येतात आणि सगळे बरोबरीने झिजतात. एक्सड्राइव्हसाठी हे चैनीचं नाही, गरजेचं आहे. चारही चाकांचा परीघ जुळलेला नसेल तर पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर सतत ताण येतो, आणि ती दुरुस्ती टायरच्या दोन संचांहून महाग पडू शकते. म्हणूनच फक्त दोन टायर बदलायचा मोह या गाडीत टाळा. क्रॉसक्लायमेट २ घेतलात तर त्याला दिशा असते, बाजूवर बाण असतो. तो एकाच बाजूला पुढून मागे, मागून पुढे फिरवायचा.

मापाची काळजी करू नका. २२५/४५ आर १८ चा व्यास सुमारे ६६० मिलिमीटर येतो आणि तुमच्या सध्याच्या टायरांचा ६६१ ते ६६३. वेगदर्शकात जाणवण्यासारखा फरक नाही. हे माप या गाडीला कंपनीनेही दिलेलं आहे, त्यामुळे ते सहज मिळतं आणि १९ इंचीपेक्षा स्वस्तही पडतं. फक्त तुमच्या गाडीला एम स्पोर्टचे मोठे ब्रेक असतील तर चाक ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे विकत घेण्याआधी बसवून पाहा. मागे २५५ ऐवजी २२५ आल्याने रुंदी कमी होते, आणि बर्फात तो फायदाच आहे. अरुंद टायर मऊ बर्फ आणि चिखलपाणी कापून खाली जातो, रुंद टायर त्यावर तरंगू पाहतो.

दुसरं कारण खड्ड्यांचं. पुण्या-मुंबईचे खड्डे पावसाळ्यात पडतात, इथले फेब्रुवारी-मार्चमध्ये. डांबराच्या भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, आणि ट्रकच्या चाकाखाली तो तुकडा उखडून जातो. आय-९६ आणि आय-६९६ या महामार्गांवर वसंताच्या सुमारास हे रोजचं दृश्य असतं. तुमच्या सध्याच्या टायरची बाजूची भिंत जेमतेम ९० मिलिमीटर उंच आहे. १८ इंचीवर ती १०१ होते. हे अकरा मिलिमीटर रिम वाकण्यापासून वाचवतात. टेक्सासमधून १९ आणि २० इंची चाकं घेऊन आलेल्या गाड्यांच्या वाकलेल्या रिमा इथे दर वसंतात दिसतात.

रनफ्लॅटबद्दल एक सूचना. या गाडीत स्टेपनी नसते. सध्याचे टायर रनफ्लॅट असतील तर पंक्चर होऊनही काही अंतर जाता येतं. मी सांगितलेले टायर साधे आहेत. चाल मऊ आणि छान होईल, पण डिकीत पंक्चरचं साहित्य आणि छोटा कॉम्प्रेसर ठेवा आणि रस्त्यावरच्या मदतीची सेवा चालू ठेवा. हिवाळ्यात पत्नी एकट्या पहाटे निघणार असतील तर ब्लँकेट, हातमोजे, विजेरी आणि फावडं हेही त्याच डिकीत.

हवेकडे लक्ष द्या. तापमान दहा अंश फॅरनहाइट उतरलं की साधारण एक पीएसआय हवा कमी होते. ऑक्टोबरात ६० फॅरनहाइटला ३५ भरली आणि जानेवारीत पारा शून्य फॅरनहाइटवर गेला, तर टायरमध्ये २९ च उरते. डॅशबोर्डवरचा दिवा यावर अवलंबून राहण्यासारखा नाही. अमेरिकेच्या नियमानुसार तो शिफारस केलेल्या हवेपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर लागायला हवा, म्हणजे ३५ च्या बाबतीत २६ च्या जवळ. २९ ला तो गप्प बसू शकतो आणि तोवर कमी हवेवर वळणाची पकड आणि टायरचं आयुष्य दोन्ही जात असतं. दर महिन्याला, गाडी रात्रभर बाहेर उभी राहिल्यानंतर, थंड टायरवर मोजा आणि दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेला आकडा पाळा.

मिठाबद्दलही जाणून असा. डेट्रॉइट शहराच्या खालीच, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे आणि इथले रस्ते मिठावर चालतात. पण साधं मीठ साधारण १५ फॅरनहाइटच्या, उणे नऊ सेल्सियसच्या खाली फारसं काम करत नाही. कडाक्याच्या थंडीत मीठ टाकूनही बर्फ तसाच दाबलेला राहतो. त्याच्या उलट, शून्याच्या अगदी जवळच्या तापमानाला हिमावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तेव्हा ते सर्वाधिक निसरडं असतं. 'आज तर फारशी थंडी नाही' असं वाटणाऱ्या सकाळी, पुलांवर आणि उड्डाणपुलांच्या वळणांवर, मला सर्वांत जास्त भीती वाटते. तिथे ऑल-वेदर, विंटर, एक्सड्राइव्ह यांपैकी कशावरही मोठा भरवसा ठेवू नका. वेग कमी आणि अंतर जास्त, एवढंच हातात असतं.

पश्चिम मिशिगनला, ग्रँड रॅपिड्स किंवा कॅलामाझूकडे, किंवा आय-९४ ने शिकागोला नातेवाइकांकडे जाणार असाल तर आधी हवामान पाहा. मिशिगन सरोवरावरून येणारी थंड हवा तिथे अचानक दाट बर्फ ओतते. ९ जानेवारी २०१५ रोजी आय-९४ वर गेल्सबर्गजवळ १९३ वाहनं एकमेकांवर आदळली होती. समोरचं दिसत नसेल तर कोणताही टायर वाचवू शकत नाही. अशा दिवशी प्रवास पुढे ढकलण्याची मुभा तुमच्याकडे असते, ती वापरा.

तुमच्याऐवजी कोणी उत्तरेकडच्या द्वीपकल्पातल्या हॉटन किंवा मार्केट (Marquette) या गावांहून विचारलं असतं तर मी ऑल-सीझनचं नावच काढलं नसतं. तिथे महिनोन्‌महिने रस्ता पांढराच असतो आणि विंटर टायरला पर्याय नाही. तुमचे कोणी माँट्रियलला असतील तर तिथे कायदाच आहे: क्यूबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे, आणि डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेला ऑल-वेदर त्यात बसतो, नुसता एम प्लस एस बसत नाही. डेट्रॉइटला वर्षाला सरासरी ४५ इंच बर्फ पडतो, रस्ते बहुतेक वेळा दिवसभरात काळे होतात, आणि म्हणूनच इथे ऑल-वेदरचा पर्याय प्रामाणिकपणे देता येतो.

जागेची अडचण मात्र एकदा पुन्हा तपासा. बऱ्याच टायरच्या दुकानांत आणि डीलरकडे हंगामापुरते टायर ठेवून घेण्याची सोय असते. त्यासाठी दर हंगामाला पैसे घेतात, पण ती मिळाली तर माझं उत्तर बदलेल. १९ इंचीवर समर राहू द्या, १८ इंचीवर ब्लिझॅक डब्ल्यूएस ९० किंवा मिशेलिन एक्स-आइस स्नो हे विंटर टायर बसवा, आणि ऑल-सीझनचा विचार सोडा. दोन संच म्हणजे दुप्पट खर्च असं वाटतं, पण एक संच चालत असताना दुसरा झिजत नाही. दोन्ही जास्त वर्षं टिकतात. जादा खर्च पडतो तो रिमा, त्यांतले हवेचे सेन्सर, साठवण आणि वर्षातून दोनदा बदलणं एवढाच. उन्हाळ्यात तुम्हाला तुमची गाडी पूर्ण मिळेल आणि हिवाळ्यात पत्नीला सर्वांत कमी अंतरात थांबणारी.

एकच संच ठरला तर १९ इंची चाकं टायरसकट ऑक्टोबरच्या आत विकून टाका. या मापाला मागणी असते आणि त्यातून १८ इंची रिमांचा बराचसा खर्च निघेल. खरेदी सप्टेंबरअखेर करा. पहिला बर्फ पडला की दुकानांत आठवड्याभराची रांग लागते आणि हवं ते माप संपतं. टायर बसवण्याआधी बाजूवरचा तारखेचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५ वा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल नाकारा. भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा बाजूवरचा आकडा, ९५ च्या खाली नको. चारही टायर बसल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घ्या. ऑस्टिनपासूनचं काहीतरी बिघडलेलं असेल तर नव्या टायरच्या आतल्या कडा दोन महिन्यांत खाल्ल्या जातील.

नव्या टायरवर पहिले काही शे मैल जपून चालवा, वरचा थर निघेपर्यंत पूर्ण पकड येत नाही. पहिला बर्फ पडला की दोघांनीही एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये जाऊन, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, ताशी २० मैलांवरून पूर्ण ब्रेक दाबून पाहा. एबीएसचा थरथराट पायाला कळू द्या आणि गाडी कुठे थांबते ते डोळ्यांनी पाहा. पत्नीने हे स्वतः करायला हवं, शेजारी बसून नाही. आणि चाकं बदलल्यावर पन्नासेक मैलांनी बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला तपासून घ्या. नव्या रिमांवर ते थोडे सैल होऊ शकतात, आणि बहुतेक दुकानं हे काम फुकट करून देतात.